लोण्याची हाडं

३ जून

शहाणे,

फोन मुद्दामच केला नाही. फोनवर तू डॉक्टर होतेस. "बरं, मग? कधीपासून?" असं सुरू करतेस आणि मागे तुझी ती परिचारिका कुणाला तरी "पाय उचला, उचला" म्हणून ओरडत असते. पत्रात तू निदान माझी बहीण असतेस. तू वसतिगृहात गेलीस तेव्हापासून आपण पत्रं लिहितो, ते मोडायचं नाही.

काम आहे. भिंगरीला चार खरमरीत ओळी लिही. तुझी भाची सोळाची झाली आणि कुरकुरी झाली. आज खांदा, उद्या गुडघा, परवा मनगट. मी तिची आई आणि जिम्नॅस्टिक्सची बाईही मीच, म्हणजे घरीही ऐका आणि वर्गातही ऐका. डॉक्टरांना दाखवून झालं. हाडांचे फोटो काढले, रक्त तपासलं, सगळं स्वच्छ. एक म्हणाला वाढीचं वय आहे, दुसरा म्हणाला अभ्यासाचा ताण असेल. तिसऱ्याने तिला बाहेर बसवून मला हळूच विचारलं, "घरी सगळं ठीक आहे ना?" अस्सा राग आला मला! तुझ्या भावोजींचं आपलं एकच, "नको असेल तिला, तर सोडून दे." अगं, नको कसं असेल? सप्टेंबरात निवड चाचणी आहे. निवड झाली तर मोठ्या केंद्रात राहून शिकेल. मला कोणी विचारलंही नव्हतं, हिला दार उघडून मिळतंय.

आपल्या घरात 'दुखतं' म्हणायची पद्धत तरी होती का? आई म्हणायची, "मी जरा आतल्या खोलीत बसते," आणि दार लोटून घ्यायची. थोड्या वेळाने बाहेर येऊन परत कामाला. आपण कधी विचारलं नाही, तिने कधी सांगितलं नाही. आणि ही? उठल्यापासून तोंडाचा पट्टा सुरू.

तुझा तर म्हणे दुखण्याचाच दवाखाना. खरं दुखणं आणि सबब यातला फरक तुला एका नजरेत कळत असेल. तिला लिही, म्हणजे ती ऐकेल. माझं ऐकत नाही.

अक्षर वाकडं आलंय, माफ कर. पेनं हल्ली इतकी हलकी करून ठेवलीयेत की हातात राहतच नाहीत. बनवणाऱ्यांना झोडायला हवं.

तुझी ताई


११ जून

ताई,

नमस्कार राहू दे, आधी भांडण. खरमरीत ओळी मी लिहिणार नाही.

माझ्या दवाखान्यात ये एकदा. एक लांब खोली, भिंतभर आरसा, धरून चालायचे दोन कठडे, वाळूच्या पिशव्या. आणि एक जिना आहे, चार पायऱ्या वर, चार खाली, कुठेच पोचत नाही. लोक तो रोज चढतात आणि घामाघूम होतात. इथे येणाऱ्यांत निम्म्यांच्या हातात जाडजूड फाइल असते आणि फाइलीत सगळं स्वच्छ असतं. काल एक केस कापणारी बाई आली. हात वर केला की तिचा खांदा सरकतो, परत बसतो, आणि मग ती कळा सोसत उरलेलं डोकं पूर्ण करते. शेजारी नवरा. म्हणाला, "डॉक्टर, हिला काही झालेलं नाही, हे तुम्हीच सांगा." मी त्याला म्हटलं, तुम्ही बाहेर जाऊन चहा घ्या.

खरं दुखणं आणि सबब एका नजरेत ओळखणारा डॉक्टर तुला भेटला तर त्याच्यापासून लांब राहा. मला नाही ओळखता येत. मी पहिल्या भेटीत एवढंच म्हणते, "कुठे दुखतं, सांगा," आणि पेन खाली ठेवते. माणूस बोलायचं थांबेपर्यंत उचलत नाही. माझे सहकारी हसतात, रांग वाढते म्हणून कुरकुरतात. पण पेन चालू असलं की लोक डॉक्टरला हवं तेच बोलतात, हे मी पाहिलंय.

आता मला सांग. भिंगरीचा अंगठा मनगटाच्या आतल्या बाजूला टेकतो का? करंगळी मागे उभी राहते का? कोपरं, गुडघे सरळ केले की उलट्या बाजूला झुकतात का? तिचं तिला करू दे, तू दाबू नकोस. फोटोत हाड दिसतं, ताई. हाडाला हाड बांधून ठेवणारे बंध सैल आहेत की घट्ट, ते त्यात दिसत नाही.

तिला माझा पापा दे.

तुझी शहाणी


१९ जून

शहाणे,

एवढंच ना? अगं, सगळं होतं! अंगठा टेकतो, करंगळी उभी राहते, कोपरं अशी उलटी जातात की बघणारे डोळे मिटून घेतात. माझंही सगळं होतं. विसरलीस? पाहुणे आले की बाबा मला बैठकीत बोलावायचे, "दाखव गं, अंगठा दाखव." पाहुणे 'अरे बापरे' म्हणायचे आणि बाबा फुलून सांगायचे, "हिच्या आईकडची देणगी आहे ही. लोण्याची हाडं." तू मागे उभी राहून स्वतःचा अंगठा वाकवायला बघायचीस आणि रडायचीस. लाकूड म्हणायचो आम्ही तुला. म्हणून म्हणते, रागावू नकोस, पण लाकडाला लोण्यातलं काय कळणार?

हा आजार असेल तर असले आजार सगळ्यांना होवोत. माझ्या वर्गातल्या पोरी महिनोन्महिने घासतात तरी पाय पूर्ण फाकत नाहीत, भिंगरी झोपेतून उठून करते. दुखतं ते आखडल्यामुळे. सकाळी पाठ, मांड्या अशा ताठ असतात की हात लावू देत नाही. मग मीच मोकळं करते. ती पुढे वाकते, मी तिच्या पाठीवर भार देऊन बसते. रडते थोडी, पण मग मोकळी होते. खांद्यांचंही तसंच, मागून दोन्ही हात धरून ओढते. आधी नाही म्हणते, मग गप्प होते.

तिथे बसून उंटावरून शेळ्या हाकणं सोपं आहे. आईने असलं कौतुक केलं असतं तर मी कधी उभी राहिले नसते.

ताई


२६ जून

ताई,

तुझं पत्र दोन रुग्णांच्या मध्ये वाचलं आणि पुढच्या माणसाला थांबायला सांगितलं. आजपासून तिला ताणायचं बंद. उद्यापासून नाही, आजपासून. हात जोडून सांगते.

आखडतं कशामुळे, ते ऐक. तिचे बंध सैल आहेत, म्हणून सांधा जागेवर ठेवायचं सगळं काम स्नायूंवर पडतं. ते बिचारे दिवसभर मूठ आवळून बसलेले असतात. सकाळी तुझ्या हाताला जो ताठपणा लागतो ना, ती ही मूठ आहे. तू तिच्या पाठीवर बसून ती उघडतेस आणि सांधा उघडा पडतो. तुला वाटतं मोकळी झाली. मग दुपारी तिचा खांदा आणखी दुखतो, आणि तुला वाटतं नाटक करते.

ती गप्प होते ते बरं वाटून नव्हे, गं. सांगून उपयोग नाही हे तिला कळलंय म्हणून.

करायचं ते असं. कोपर अंगालगत ठेवून तळहाताने भिंत हळू ढकलायची, हलायचं नाही, धरून ठेवायचं. गुडघा पूर्ण मागे जाण्याआधी थांबायला शिकायचं. आणि आज बरं वाटतंय म्हणून जास्त करायचं नाही. हा नियम सगळ्यांत अवघड, भलेभले तिथेच घसरतात. दांडीवर लटकायचं काम बंद. चाचणीचं नंतर बघू.

तिला घेऊन इथे ये. लाकूड म्हण, काहीही म्हण, पण ये.

शहाणी


५ जुलै

पत्र मिळालं. ताणणं बंद केलंय. सगळं ठीक. जास्त लिहीत नाही.

ताई


१४ जुलै

ताई,

दोन ओळी! बिल भरल्याची पावतीसुद्धा याहून मोठी असते. आणि अक्षर तर असं काढलंयस की पेनावरच राग काढलास जणू. शाळेत तुझ्या वह्या भिंतीवर लावायचे, तीच का तू?

तुझा अबोला मला लहानपणापासून पाठ आहे. नाकाला मिरच्या झोंबल्या की तू असंच बोलायचीस, "सगळं ठीक." बरं, रहा रागावून. माझं काही जात नाही. जातं, खरं तर. घरी आल्यावर मी आधी टपाल बघते.

भिंगरीबद्दल तरी लिही. भिंत ढकलते का? झोपते का नीट? आणि इकडे यायचं काय ठरवलंस?

शहाणी


९ ऑगस्ट

मावशी,

हे पत्र मी आईला न सांगता लिहितेय. बाबा टपालात टाकतील.

माझा डावा खांदा निखळला. आता बसवलाय, हात झोळीत आहे. इथले डॉक्टर म्हणाले, पुन्हाही निखळू शकतो. चाचणी गेली.

आईने ताणणं खरंच बंद केलं होतं. तू काय लिहिलंस माहीत नाही, पण एक दिवस ती म्हणाली, "आजपासून पाठीवर बसणार नाही," आणि बसली नाही. मला इतकं बरं वाटलं होतं. पण दांडी सुरूच होती. चाचणीला दांडी लागतेच, ती म्हणायची. दांडीवरून उतरताना ती माझा दंड धरते, मी तिच्या हातावर भार टाकून खाली येते. लहानपणापासून असंच. मी कधी खाली बघतसुद्धा नाही.

आदल्या संध्याकाळी आमचं भांडण झालं. मी म्हटलं, मला चाचणी द्यायचीच नाही, मला नीट झोपायचंय. दुसऱ्या दिवशी वर्गात मी उतरले, तिने दंड धरला आणि सोडला. मावशी, मी हातावर पडले. आवाज आला. तिच्याकडे बघितलं तर ती स्वतःच्या हाताकडे बघत उभी होती. माझ्याकडे नाही, हाताकडे!

दवाखान्यात बाबांनी विचारलं, काय झालं. ती म्हणाली, "चूक माझी." बस्स. मी विचारलं, "तू मला का सोडलंस?" ती उठून बाहेर गेली. आता मीही तिच्याशी बोलत नाही.

मी तुझ्याकडे राहायला येऊ का? मी त्रास देणार नाही. दुखलं तरी सांगणार नाही.

भिंगरी


१४ ऑगस्ट, सकाळी

ताई,

भिंगरीचं पत्र आलं. तिच्या बाबांच्या हातून पाठवलंय, म्हणजे तुझ्या घरात तुझ्या नवऱ्याला आणि मुलीला तुझ्या पाठीमागे पत्रं लिहावी लागतात, इथपर्यंत मजल गेली.

मी तुला हात जोडून सांगितलं होतं, दांडी बंद. तू लिहिलंस, सगळं ठीक. काय ठीक होतं? पोरगी नाही म्हणाली म्हणून तू तिला अधांतरी सोडलंस? तू रागीट आहेस, हट्टी आहेस, हे सगळं मला मान्य होतं, पण तू मुलीचा हात सोडशील हे मला कोणी शपथेवर सांगितलं असतं तरी मी त्याच्या थोबाडीत दिली असती. वर 'चूक माझी' म्हणून मोकळी झालीस. तिने मला काय लिहिलंय माहीत आहे? "दुखलं तरी सांगणार नाही." शाबास. घराण्याची रीत पोचली तिच्यापर्यंत.

मी शनिवारी येतेय. तिला घेऊन जाणार. मध्ये पडू नकोस

दुपार

वाक्य अर्धंच राहिलं, कारण रुग्ण आत आली. तीच केस कापणारी बाई. खांदा जरा ताब्यात आलाय तिचा, आता हातांचं बघत होते. मी विचारलं, कात्री धरता येते का पूर्वीसारखी? तर म्हणाली, "माझ्या हाताला काही झालेलं नाही हो. कात्र्याच हल्ली इतक्या हलक्या करून ठेवल्यात की हातात राहत नाहीत. बनवणाऱ्यांना झोडलं पाहिजे."

मी तिला म्हटलं, परत म्हणा. ती बिचारी घाबरली.

मग तिचा अंगठा पाहिला. बुडाशी सैल, चिमटीत जोर नाही, धरलेली वस्तू कधी सुटते ते तिलाही कळत नाही. कप दोन्ही तळव्यांत धरून पिते. दुखतं का विचारलं तर म्हणाली, "तसं काही नाही."

ताई, तुझी पेनं हलकी नाहीत. पेनं पूर्वी होती तशीच आहेत.

मी दिवसभर लोकांचे हात हातात घेऊन बसते आणि तुझ्या दोन ओळी बघून मला वाटलं, रुसलीस. वर तुझ्या अक्षराची टिंगल केली. बाबा पाहुण्यांसमोर अंगठा दाखवायला लावायचे, तो तुझाच होता ना? मी तुला भिंगरीचं सगळं विचारलं, तू लिहिलंस 'माझंही सगळं होतं', आणि मी ते वाचून पुढे गेले.

वरचं फाडणार होते. राहू दे. रागावले होते ते खोटं नव्हतं, आणि दांडी बंद करायला हवी होती हेही खरं आहे. पण मला सांग, त्या दिवशी तू तिला सोडलंस, की तुझ्या हाताने धरलंच नाही? लिहिता येत नसेल तर कोणाकडून लिहवून घे. भिंगरीला मी काही कळवलेलं नाही. ते तुझं तू सांगायचंस.

शनिवारी मी येत नाही. तुम्ही दोघी या.

शहाणी


२२ ऑगस्ट

मावशी,

अक्षर माझं, शब्द आईचे. कंसात मी. आई कागद घेऊन आली आणि म्हणाली, "माझ्याच्याने लिहवत नाही, लिहिशील?" मला बोलायचं नव्हतं, पण लिहायला काय, म्हणून बसलेय.

शहाणे,

तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. पहिल्या भागाला उत्तर नाही, तू लिहिलंस ते बरोबर लिहिलंस. दुसऱ्या भागाचं उत्तर देते.

माझा हात गेल्या वर्षापासून नीट धरत नाही. (मला हे आत्ताच कळतंय.) आधी बरणीची झाकणं गेली, मग किल्ल्या, मग कपडे पिळणं. वर्गात बाहीच्या आत मनगटाला फडकं बांधून जायचे. दांडीपाशी मी उभी राहायला नको होतं. वर्गात माझ्या हाताखाली शिकवणारी एक मुलगी आहे, चांगली तयार आहे, तिला उभं करता आलं असतं. पण मग कारण सांगावं लागलं असतं. भिंगरीने दांडी सोडली, मी दंड धरला. धरला, असं मला वाटलं. हात मिटलाच नाही. मी सोडलं नाही गं तिला. (मी इथे थोडा वेळ लिहायचं थांबले होते. आई म्हणाली, पुढे लिही.)

दवाखान्यात तिने विचारलं, का सोडलंस. काय सांगू? हात दुखत होता म्हणून? तिने खांदा दुखतो म्हटलं की मी त्याला सबब म्हणत होते. मग तेच तोंड उघडून स्वतःची सबब कशी सांगू? त्यापेक्षा तिला वाटू दे मी दुष्ट आहे, असं मनाशी म्हटलं. (आई, तू वेडी आहेस. हे पण लिहिलंय मी, तिला वाचून दाखवलं.)

आणि एक सांगते, हसू नकोस. मला वाटायचं सगळ्यांनाच दुखतं. सकाळी उठल्यावर सगळेच आधी पलंगाच्या कडेला बसून बघत असतील, आज कुठला सांधा कुठे आहे ते, आणि बोलत नसतील, एवढंच. आई आतल्या खोलीत जाऊन बसायची, मला वाटलं मोठी माणसं असंच करतात. मग भिंगरी सांगायला लागली की माझ्या डोक्यात यायचं, आम्ही सगळे गप्प सोसतोय आणि ही एकटीच का बोलते? पोरीवर विश्वास नव्हता असं नाही. ती सांगायची ते मला तंतोतंत कळायचं, म्हणूनच राग यायचा.

वर्ग बंद ठेवलाय. बाकीच्या पोरींच्या पाठीवरही मी बसलेय. त्यांच्यातल्या कुणाकुणाची हाडं लोण्याची आहेत, मला माहीत नाही. त्यांच्या आयांना बोलावून सांगायचंय, पण काय सांगू ते कळत नाही. हा प्रश्न घेऊन तुझ्याकडे येते. झोप लागत नाही त्यापायी.

मंगळवारी दोघी निघतो. सध्या दोघी मिळून एक धड माणूस आहोत. मी बरणी काखेत धरते, ती उजव्या हाताने झाकण फिरवते. काल त्यातही सगळं सांडलं. (मी हसले. चुकून.)

तू पहिल्या भेटीत पेन खाली ठेवतेस म्हणालीस. मला तिथे जमणार नाही गं, तुझ्यासमोर, त्या आरशासमोर. लहान बहिणीला काय सांगायचं? म्हणून इथेच लिहवून घेते, म्हणजे झालं.

लिही गं, मला दुखतं.

(मावशी, हे तिने सांगितलं आणि खिडकीकडे बघत बसली. मी लिहिलं. मग विचारलं, "आई, कुठे?" ती म्हणाली, "राहू दे, एवढं पुरे." मी पुन्हा विचारलं. तिने आधी अंगठा दाखवला. मग मनगट. आता खांद्याबद्दल सांगतेय, माझ्या जन्माच्या वेळेपासूनचं. तिचं संपलं की माझं सांगणार आहे, माझ्या पाठीवर बसायची तेव्हाचंही. बाकीचं मंगळवारी. मी पेन खाली ठेवतेय.)